परसातले घरगुती खेळ: तासाभरात जमतील असे सुचवा

उंबरठा
घरामागे साधारण २५ बाय ३० फुटांचं परस आहे. एक मध्यम झाड, एक नळ, एक कोरी भिंत आणि बाकी माती. पोरं दोन, थोरला ९ वर्षांचा, धाकटी ४ वर्षांची. दोघं दाराशी येतात, बाहेर बघतात आणि "बाहेर काय करायचं?" असं म्हणून परत आत.

मागच्या आठवड्यात मी खजिनाशोध आखला. १२ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर यमक जुळवलेलं कोडं. दोन रात्री जागून लिहिलं. थोरल्यानं ११ मिनिटांत खजिना काढला. धाकटीनं तिसरी चिठ्ठी फाडली आणि "माझी चिठ्ठी कुठाय" म्हणून भोकाड पसरलं. संध्याकाळपर्यंत मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

तर घरातल्याच वस्तूंचे, मला तयारीला तासाच्या वर न लागणारे आणि मुख्य म्हणजे दोघांना एकत्र खेळता येतील असे खेळ सुचवा. विकतचं काही नको, घरात आधीच प्लास्टिकचा डोंगर आहे.

दुपारची_झोप
मी बाहेर खुर्ची टाकून तासभर डुलकी काढू शकेन असा खेळ कुणी सांगितला तर मलाही हवाय. वाचनखूण साठवली आहे.

ओलीसुकी
बादलीभर पाणी आणि रंगाऱ्याचा जुना रुंद ब्रश. एवढंच द्या आणि भिंत दाखवा. "ही भिंत रंगवायची आहे" म्हणा, बस्स.

ओली भिंत गडद दिसते, त्यामुळे खरंच रंग लागल्यासारखा वाटतो. उन्हात पहिलं टोक वाळेपर्यंत दुसरं टोक रंगवून होत नाही, म्हणजे काम कधी संपतच नाही. माझी लेक साडेतीन वर्षांची असताना तिनं एका बैठकीत भिंत, पायरी, चप्पल आणि झोपलेलं मांजर रंगवलं होतं. मांजर उठून गेलं, बाकीचं वाळलं.

खडूफळा
+१. त्याच्या जोडीला सावली. सकाळी पोराला एका जागी उभं करून सावलीची कड खडूनं आखायची आणि पावलांच्या खुणाही करून ठेवायच्या. दोन तासांनी त्याच खुणांवर पुन्हा उभं करायचं. सावली सरकलेली असते आणि लांबी बदललेली असते. माझा मुलगा पहिल्यांदा चिडला, त्याला वाटलं मी खुणा हलवल्या.

जमिनीवर लिहायचे जाड खडू घरी करता येतात. एक भाग पाण्यात हळूहळू दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, थोडा रंग, आणि साचा म्हणून पुठ्ठ्याच्या नळकांड्या. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा सोलून काढायचा. पण कालवायचं काम मोठ्यांनीच करा. प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं, त्यात बोटं खुपसून ठेवली तर भाजू शकतं. उरलेलं सिंकमध्येही ओतू नका. हे मला प्लंबरनं सांगितलं, बिल हातात देताना.

सुतारपक्षी
माझी कहाणी ऐका आणि शहाणे व्हा.

मी मुलांसाठी झाडाखाली लाकडी घर बांधायला घेतलं. तीन शनिवार-रविवार गेले. रंधा मारला, कडा गोल केल्या, पॉलिश पेपर फिरवला, दाराला बिजागऱ्या, खिडकीला झडप. बायको म्हणाली, "आपल्या घराचं दार लागत नाही, त्याचं काय?" मी ऐकलं नाही. चौथ्या रविवारी गृहप्रवेश केला. पोरं आत गेली, खिडकीतून हात हलवला, फोटो काढला. पाच मिनिटांनी दोघं बाहेर येऊन, बिजागऱ्या ज्या खोक्यातून आल्या होत्या त्यात बसली. उरलेली सहा फुटी फळी विटेवर टाकून तिचा पूल केला. पुढचे दोन महिने त्या फळीवर समुद्री चाचे, दवाखाना, विमानतळ असं सगळं झालं. घरात आता कुदळ-फावडं ठेवतो.

तेव्हा, उंबरठाताई, फळ्या द्या. ५-६ फुटांच्या दोन, नीट घासलेल्या, खिळा नसलेल्या. चार-सहा विटा. एक जुनी चादर आणि दोरी. एवढंच.

आणि काही ठोकून उभं करणारच असाल तर एक माप पाठ करा: मूल चढेल-बसेल अशा कुठल्याही चौकटीत साडेतीन इंचांहून मोठी आणि नऊ इंचांहून लहान फट ठेवायची नाही. तेवढ्या फटीतून पोराचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं. पाय आधी घालून उतरायला गेलं की लटकतं. कठड्याच्या पट्ट्या मी या मापानंच मारतो.

दुपारची_झोप
बिजागऱ्यांचं खोकं!! हसून हसून पुरेवाट.

कोरडा_पाषाण
मूळ प्रश्नच चुकीचा आहे, स्पष्ट बोलतो. मुलांना खेळ 'आखून' द्यायचे ही नवीनच टूम. आम्हाला कुणी काही सुचवलं नाही. दुपारी दार उघडून बाहेर काढायचे आणि दिवेलागणीला हाक मारायचे, मधे काय केलं ते कुणी विचारलंही नाही. कंटाळा आला की पोरं आपोआप खेळ शोधतात. तुम्ही १२ चिठ्ठ्या लिहिल्यात तिथेच खेळ तुमचा झाला, त्यांचा राहिला नाही.

उंबरठा
@कोरडा_पाषाण, शेवटचं वाक्य लागलं, पण खरं आहे. खेळ माझाच होता. यमकं फार छान जुळली होती हो.

पण बाकीचं पूर्ण पटत नाही. तुम्ही दार उघडून बाहेर पडायचात तेव्हा बाहेर पंधरा पोरं असायची, सहा वर्षांपासून सोळापर्यंतची. खेळ तुम्ही 'शोधला' नाहीत, मोठ्या पोरांकडून तुम्हाला तो मिळाला. चिडायचं कधी, राज्य कुणावर, लिंबूटिंबू कोण, हे सगळं आयतं. माझ्या परसात दोनच पोरं आहेत आणि त्यांच्यात पाच वर्षांचं अंतर आहे. नुसता कंटाळा दिला तर ती भांडतात.

ओलीसुकी
लिंबूटिंबूच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. ती सोय कुणा बालमानसशास्त्रज्ञानं काढलेली नाही, पोरांनीच काढली, कारण धाकट्याला घरी ठेवलं तर आई मोठ्यालाही सोडत नसे.

कोरडा_पाषाण
पंधरा पोरांचं मान्य. तेवढ्यापुरती माघार.

जुनापत्रा
दोघांच्या मधला एक मुद्दा. डेन्मार्कमध्ये कार्ल थिओडोर सोरेनसेन नावाचे उद्यानरचनाकार होते. त्यांच्या लक्षात आलं की आपण बांधलेल्या नीटनेटक्या क्रीडांगणांपेक्षा पोरं भंगारात आणि बांधकामाच्या जागांवर जास्त रमतात. म्हणून १९४३ मध्ये, ऐन युद्धात, कोपनहेगनच्या एमड्रुप भागात भंगाराचं क्रीडांगणच उघडलं. घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. फळ्या, विटा, माती, हत्यारं आणि लक्ष ठेवायला एक मोठा माणूस. १९४६ मध्ये इंग्लंडच्या लेडी अॅलन ते बघून गेल्या आणि त्यांनी ती कल्पना आपल्या देशात रुजवली. पुढे १९७१ मध्ये सायमन निकोल्सन यांनी याच धर्तीवर 'सुट्या भागां'ची कल्पना मांडली: हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकं डोकं जास्त चालतं.

म्हणजे पाषाणराव म्हणतात तसा खेळ आखायचा नाही, आणि उंबरठाताई म्हणतात तसं मुलांना मोकळ्या मातीत नुसतं सोडायचंही नाही. सामान आखायचं.

अवांतर: अमेरिकेत रॉचेस्टरच्या खेळ-संग्रहालयात खेळण्यांचं एक सन्मानदालन आहे. तिथे २००५ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याला मान मिळाला आणि २००८ मध्ये काठीला. सुतारपक्षींच्या खोक्याला हे कळवावं.

सुतारपक्षी
खोकं पावसात विरघळलं. मरणोत्तर कळवतो.

फुगेवाला
साबणाच्या फुग्यांबद्दल कुणी बोलत कसं नाही? दोन काठ्या घ्या. टोकांना सुती दोरा बांधून मोठा फास करा, म्हणजे काठ्या लांब केल्या की दोऱ्याचा त्रिकोण झाला पाहिजे. खालच्या दोऱ्याला मधोमध एखादं जड वायसर ओवा, नाहीतर दोरा वाऱ्यावर गुंडाळतो. सहा भाग पाण्यात एक भाग भांडी घासायचा पातळ साबण आणि एक-दोन चमचे ग्लिसरीन. हळू ढवळायचं, फेस करायचा नाही. रात्रभर ठेवलं तर आणखी बरं.

काठ्या बुडवून हळूच उघडायच्या आणि मागे चालायचं. पळायचं नाही. सकाळी लवकर किंवा पाऊस पडून गेल्यावर करून बघा. हवा दमट असली की फुगा लवकर वाळत नाही आणि बराच टिकतो. हात ओला असेल तर फुगा हातावर झेलताही येतो. कोरडं बोट लागलं की संपला.

थोरल्याला काठ्या, धाकटीला फोडायचं काम. दोघांनाही वाटतं की आपल्याकडेच खरं काम आहे.

पिंपळपान
ग्लिसरीन नसेल तर साखर विरघळवून चालते.

फुगेवाला
चालते, पण मग मुंग्या. परसभर साखरपाण्याचे थेंब पडले की दुसऱ्या दिवशी खेळायला मुंग्याच येतात.

पिंपळपान
आमच्याकडे मुंग्या आल्या, पोरांनी त्यांच्यासाठी काड्यांचा रस्ता केला. एकात एक दोन खेळ झाले :)

नळावरचीमी
गालबोट लावते, पण बोलायलाच हवं. बादली, टब, पिंप, काहीही पाण्यानं भरलं की मोठ्यांपैकी एकानं हाताच्या अंतरावर राहायचं. लहान मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं, आणि ते ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. शांतता असते. खेळ संपला की सगळी भांडी पालथी घालायची. डासांसाठीही तेच. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. टायरचा झोका करणार असाल तर खालच्या बाजूला चार भोकं पाडा, आतलं पाणी दिसतसुद्धा नाही.

दुपारची_झोप
हाताच्या अंतरावर. म्हणजे डुलकी गेली.

नळावरचीमी
पाणी असेल त्या दिवशी गेली. फळ्यांच्या दिवशी एक डोळा मिटा.

हेलकावा
झोक्याचा विषय निघालाच आहे तर: दोरी थेट फांदीला बांधू नका. प्रत्येक हेलकाव्याला ती घासते आणि आतून तुटत जाते, वरून कळत नाही. बागेच्या जुन्या पाइपचा हातभर तुकडा दोरीत ओवून तो फांदीवर येईल असं बांधा. फांदी जिवंत हवी, आणि आधी दोन मोठ्या माणसांनी लटकून बघा. खालची माती कुदळीनं भुसभुशीत करून ठेवा. मोकळी लोंबती दोरी कुठेही नको, गळ्यात अडकते.

आणि एक गंमत. थोरल्याला घड्याळ द्या आणि धाकटीचे दहा हेलकावे मोजायला सांगा. मग बाबांना बसवून दहा मोजा.

भोवरा
बाबा जड, म्हणजे त्यांना जास्त वेळ लागणार ना? की जडपणामुळे लवकर?

हेलकावा
जवळपास सारखाच. वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. २ मीटर दोरीला जाऊन-येऊन पावणेतीन-तीन सेकंद, कुणीही बसा. दुप्पट वेळ हवा असेल तर दोरी चौपट लांब लागते.

भोवरा
पटत नाही. उद्या करून बघतो.

भोवरा
केलं. मुलगी २८ सेकंद, मी २९. फांदी मात्र माझ्या वेळेला बोलली. प्रयोग थांबवला आहे.

झाडूपोछा
इतकं सगळं छान वाचतेय, पण चिखलात लोळलेलं पोर घरात आणतं कोण, लादी पुसतं कोण? फुगेवाले, सुतारपक्षी, तुमच्या फोटोत पोर असतं, तुमच्याच कहाणीत लादी नसते.

सुतारपक्षी
आरोप मान्य. लादी मी पुसतो असं लिहिणार होतो, पण हिचंही इथे खातं आहे.

झाडूपोछा
बरं, आता माझा उपाय. मागच्या दाराशी एक पसरट टब, एक जुना टॉवेल आणि एक हुक. हुकाला 'चिखलाचे कपडे' कायमचे टांगलेले, प्रत्येकी एकच जोडी. ते घालूनच बाहेर आणि ते काढूनच आत. पाय टबात धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही (धागाकर्तीनं हलकं घ्यावं). पहिले चार दिवस बोंबाबोंब झाली, मग पोरंच एकमेकांवर पहारा ठेवू लागली. तेव्हापासून मी चिखलाला नाही म्हणत नाही. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, तेवढं मात्र बघा, ते जंतू मातीतच असतात.

ओलीसुकी
मूळ प्रश्नाकडे येते, कारण ४ आणि ९ माझ्याकडेही होते. दोघांना *एकच* काम देऊ नका. एकाच सामानावर दोन कामं द्या. आमच्याकडे चाललं ते धरण. मातीच्या उतारावर चर खणायचा, मधे मातीचे बांध घालायचे आणि वरून पाणी सोडायचं. मोठा अभियंता, कुठे वळवायचं, बांध किती उंच, ते त्यानं ठरवायचं. लहान मगानं पाणी आणते. ती नसेल तर नदीच नाही, त्यामुळे मोठ्याला तिची मनधरणी करावी लागते. आणि बांध फुटला की दोघांनाही सारखाच आनंद.

वाळू असेल तर आठ मग वाळूला एक मग पाणी. किल्ला याच मापात उभा राहतो. पाणी कमी पडलं की भुगा, जास्त झालं की ओघळतो. आणि रात्री वाळूवर झाकण घाला, नाहीतर मांजरांना वेगळाच उपयोग सुचतो.

कोरडा_पाषाण
हा प्रतिसाद आवडला. मांजरासकट.

उंबरठा
नऊ दिवसांनी अहवाल देते.

पहिल्या दिवशी बादली आणि ब्रश. धाकटी चाळीस मिनिटं. थोरला "हे बाळबोध आहे" म्हणून पायरीवर बसला. मग त्यानं ओल्या बोटानं भिंतीवर तिचं नाव लिहिलं आणि ती वाचायच्या आत वाळतं का ते बघू लागला. तिला वाचता येत नाही, त्यामुळे तो दर वेळी जिंकला आणि तिलाही ते चाललं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फळ्या. एकदा पूल झाला, मग भांडण, मग एकेकाची एक फळी. ठीक.

शनिवारी धरण. मी चर दाखवला, पाण्याचा मग आणि खुरपं दिलं, आणि मुद्दाम टोमणे न मारता नळाजवळ खुर्ची टाकून बसले. पाऊण तास नदी चालली. बांध तीन वेळा फुटला. मग थोरल्याला तलाव हवा झाला. तलाव म्हणजे खड्डा. आणि इथून पुढे माझ्या धाग्याची गरजच संपली, कारण सहा दिवस झाले, खड्डा चालू आहे. नदी बंद, फळ्या बंद. शाळेतून आलं की चिखलाचे कपडे (झाडूपोछा, हुक लागला, टबही आला) आणि खड्डा. आत्तापर्यंत निघालेला ऐवज: एक बाटलीचं झाकण, गांडुळं (मोजून परत पाठवली), एक गंजलेली किल्ली. ही किल्ली कशाची यावर रात्री जेवताना भांडण. धाकटीच्या मते ती जमिनीची आहे.

खड्ड्याच्या काठावर थोरल्यानं पुठ्ठ्याची पाटी लावली आहे: "काम चालू. मोठ्यांनी विचारून यावे." मी विचारलं. नाही म्हणाला.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. गुरुवारी पाण्याची पाइपलाइन लागली. म्हणजे फुटलीच. परसातून ती जाते हे मला माहीत होतं, फक्त कुठून ते नव्हतं. तलाव दोन मिनिटांत भरला, दोघांनी टाळ्या वाजवल्या, मी मेन कॉक शोधत घरभर पळत होते.

सुतारपक्षी
खड्डा धाकटीच्या गुडघ्याहून खोल जाऊ देऊ नका आणि आडवं भुयार तर अजिबात नको, माती बसते. रुंद वाढवा, खोल नाही. पाइप तात्पुरती बांधली आहे की जोड बदलला?

उंबरठा
जोड बदलला. आणि दोरी लावून हद्द आखली आहे, पाइप त्या बाजूला, पोरं या बाजूला. गुडघ्याचं माप आज सांगते, पण कुणाच्या गुडघ्याचं यावर आता वाद होणार.

भोवरा
किल्लीचा फोटो टाका ना.

दुपारची_झोप
ते सगळं असो. खड्डा चालू असताना तुम्हाला डुलकी लागली का, एवढंच सांगा.

उंबरठा
मंगळवारी. वीस मिनिटं. उठले तेव्हा माझ्या पायांवर माती होती, घोट्यापर्यंत, थापून बसवलेली.